निगेटिव्हवर सरळ लांब रेघ आली आहे, दोष कॅमेऱ्याचा की धुलाईचा?

वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यातला रोल धुवून आणला तर छत्तीसही फ्रेमवर एकच लांब रेघ, म्हणून आता त्यात नवा रोल घालायची भीती वाटते, असं तुम्ही धुळ्याहून विचारलं आहे. कॅमेरा लगेच कपाटात ठेवू नका.

आधी निगेटिव्ह खिडकीपाशी तिरपी धरून रेघ कोणत्या बाजूला आहे ते बघा. चकचकीत बाजू म्हणजे फिल्मची पाठ, मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्र ज्यात उमटतं तो थर. रेघ पाठीवर असेल तर चित्र शाबूत आहे. तिथे प्रकाश विखुरतो म्हणून फोटोत पांढरी रेघ येते, एवढंच. माझ्या मामांचा अमळनेरला स्टुडिओ होता. ते नाकाच्या कडेला बोट फिरवून तो तेलकटपणा पाठीवरच्या ओरखड्यावर हलकेच लावायचे. ओरखडा भरला जायचा आणि एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राखाली, रेघ जवळजवळ नाहीशी व्हायची. इमल्शनच खरवडलं असेल तर मात्र फोटोत रेघ काळी येते आणि गेलेलं चित्र परत येत नाही. मग स्कॅन करून हातानेच दुरुस्ती. स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई (अदृश्य किरणांनी ओरखडे शोधून आपोआप पुसणं) रंगीत रोलवर चालते, चांदीच्या कणांचं चित्र असलेल्या ब्लॅक अँड व्हाइटवर नाही.

आता रेघ आली कुठून? एक वाया गेलेला रोल घाला, पाच-सहा फ्रेम पुढे सरकवा, मागचं झाकण उघडून फिल्म न गुंडाळता बाहेर काढा आणि बघा. त्यावरही रेघ असेल तर प्रेशर प्लेटवर (झाकणाच्या आतली, फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) किंवा फिल्म सरकते त्या पट्ट्यांवर कण अडकलाय. कोरड्या मऊ कापडाने पुसा, शटरच्या पडद्याला अजिबात हात लावू नका. रोलच्या डबीच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत धूळ बसली तरी अशीच रेघ येते. उघड्या खिडकीच्या एसटीत रोल बदलणं आपल्याकडे महागात पडतं.

वाया गेलेला रोल स्वच्छ निघाला तर गडबड बहुधा धुताना झाली आहे, आणि खान्देशात ती उन्हाळ्यात फार होते. इमल्शन जिलेटिनचं असतं, गरम पाण्यात फुगून मऊ पडतं. ब्लॅक अँड व्हाइटला साधारण २० अंश लागतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. अशाच एका मेमध्ये मी एका लग्नाचा ओला रोल दोन बोटांत धरून पाणी निपटलं. बोटाला रेतीचा एक कण होता, तो टोकापासून टोकापर्यंत गेला. नवरीच्या गालावरची ती रेघ मला अजून दिसते. त्यानंतर मामांनी रोल रात्री, माठाच्या गार पाण्यात धुवायला लावले आणि ओल्या फिल्मला बोट लावणं बंदच केलं. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सारखं ओघळावं म्हणून घालायचं द्रावण) दोन थेंब टाकायचे आणि फिल्म न्हाणीघरात तशीच टांगायची.

रेघेबरोबर गोल पांढुरके डागही असतील तर ते ओरखडे नव्हेत, बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा भिजवून वाळवलं की बहुतेक जातात.

तोवर हा रोल गुंडाळून डबीत कोंबू नका, एकावर एक घासून नव्या रेघा पडतात. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये, म्हणजे निगेटिव्हच्या पातळ पाकिटात, सपाट ठेवा.