वाचकांचे प्रश्न : तांदळातील पोरकिडे

प्रश्न : वर्षभरासाठी भरून ठेवलेल्या तांदळात कडुनिंबाचा पाला घालूनही पावसाळ्यात पोरकिडे होतात. बोरिक पावडर लावावी का?

उत्तर : बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या धान्यात मुळीच घालू नका, दोन्ही पोटात गेल्यास अपायकारक आहेत, आणि घरात लहान मुले असतील तर हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. पोरकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते व ते भोक चिकट स्रावाने बुजवते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातही कीड आत वाढत असते. पाल्याच्या वासाने नवे किडे काहीसे दूर राहतात. दाण्याच्या आतली कीड मात्र त्याने मरत नाही. शिवाय पाला ओलसर राहिला तर तांदळाला बुरशी येते, म्हणून तो सावलीत, चुरचुर वाजेपर्यंत वाळवावा. थोडा तांदूळ असेल तर हवाबंद पिशवीत भरून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा, अंडीही मरतात. कडक उन्हात तांदळाला चिरा पडतात व भात मोडतो. तूरडाळीला मात्र किलोमागे चमचाभर एरंडेल चोळावे, आणि शिजवण्यापूर्वी ती कोमट पाण्याने धुवावी.