वाड्याचं दार करतोयस? आधी चौकट मोज

भावा, लाकूड आणायची घाई नको. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या चौकटी सहसा गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, नसतातच, त्यामुळं रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घे आणि दोन्ही कर्ण पण मोज, नवीन माणूस एकच माप घेतो आणि मग दार वर घासतंय अन् खाली फट. जुनं सागवान मिळालं तर बेस्टच, फक्त सगळे खिळे काढल्याशिवाय रंधा मारू नको, पातं जाईल.

- पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून फळ्या आडपट्टीला फेविकॉलनं पक्क्या चिकटवू नको, कडेनं ३ मिमी जागा सोड.
- वरची-खालची टोकं पॉलिश करायला सगळे विसरतात, पाणी तिथूनच शिरतं.

जुन्या बिजागऱ्या, कडी-कोयंडा भंगारात घालू नको बाबा. नक्षीचं नंतर बघू.