संस्था काढू पाहणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. संस्थेचं नाव ठरलंय, बोधचिन्ह तयार आहे, आता नोंदणी कशी करायची, असं विचारतेस. ते सांगतेच. पण त्याआधी महिनाभर सोलापुरात नीलम नगरातली नाहीतर साखर पेठेतली एक गल्ली धर आणि रोज दुपारी तिथे जाऊन बस.

उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन अक्का विड्या वळत बसलेली असेल. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. मान वर काढायला सवड नाही, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि कारखान्यात त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडतात. शेजारी दहा-बारा वर्षांची पोर तोंडं मुडपत बसलेली. तिला कुणी शाळा सोड म्हटलेलं नसतं. आईचे हजार भरत नाहीत म्हणून आज दांडी, उद्या दांडी, आणि एक दिवस पटावरून नाव जातं.

आमचं काम अशाच एका गल्लीत सुरू झालं. माल द्यायला कारखान्यात जाताना तान्ह्या पोरांना कुणाकडे ठेवायचं, हा बायकांचा प्रश्न होता. देवळाच्या ओवरीत आम्ही पोरं सांभाळू लागलो. वेळ त्यांनीच ठरवली, सतरंज्या त्यांनीच आणल्या. मग मोठ्या मुलींचा अभ्यास तिथेच सुरू झाला. पोराला न्यायला आलेली एखादी थोडी रेंगाळायची. कुणाचा हात सुजलेला, कुणाची मजुरी नवऱ्यानं दारूत उडवलेली. पोरं आमच्या हवाली करून झाली होती, म्हणून हे बोलणं निघालं. पहिल्याच दिवशी 'महिला समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली असती तर त्या पायरीही चढल्या नसत्या, असं माझं ठाम मत आहे.

अशी बाई समोर बसली की तिला तू निर्णय सांगू नकोस, रस्ते सांग. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, तिला राहत्या घरातून हुसकता येत नाही, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. जायचं की राहायचं, ते तिचं ती ठरवेल. ती परत त्याच घरात गेली तरी तिच्यासाठी तुझं दार उघडं ठेव.

मुलांच्या बाबतीत मात्र दयेपोटीही नियम मोडायचा नाही. एकटं सापडलेलं मूल 'राहू दे आमच्याकडे' म्हणून ठेवून घेता येत नाही. २४ तासांच्या आत १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. आणि देणगीदारानं कितीही मागितले तरी पीडित मुलांचे फोटो द्यायचे नाहीत. आम्ही त्यापायी देणगी गमावली आहे, तूही गमाव.

वाढ कशी झाली विचारतेस. बायकांची भिशी होतीच, तिचा बचत गट झाला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून हातात पैसा खेळू लागला. त्यांच्यातल्याच दोघी-तिघी हिशेब शिकल्या आणि शेजारच्या गल्लीत वर्ग चालवू लागल्या. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत पाहून ये. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा २००६ मध्ये १०,००० घरांच्या चाव्या मिळाल्या. या बायकांना आपण संघटन शिकवणार आहोत, असं मनातही आणू नकोस.

आता नोंदणी. सात जणं लागतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हीखाली धर्मादाय कार्यालयात होते. सातांत निदान तिघी त्याच गल्लीतल्या घे. दरवर्षी ऑडिट कर, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट वेळेत टाक. दहा रुपयांचीही पावती फाडायची. पैसे कुठून आणायचे ते पुढच्या पत्रात लिहिते.

गल्लीतल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलतात, म्हणून जाताना ती भाषा येणारी एखादी मैत्रीण बरोबर ने, आणि विडी कामगाराचं ओळखपत्र कुणाकडे नाही, याची नोंद पहिल्या आठवड्यातच करून घे. त्याच्याशिवाय पोरांची शिष्यवृत्ती अडते.

तुझी,
मावशी