सॅक भरण्याआधी

रतनगड ते हरिश्चंद्रगड पहिल्यांदाच करतोयस, मस्त. त्याआधी अमुंडसेन आणि स्कॉटबद्दल वाच, दक्षिण ध्रुवावर आधी पोचायची शर्यत लागली होती त्या दोघांत. शौर्याची पानं नंतर वाच, आधी सामानाच्या याद्या वाच. खरी मेख तिथे आहे.

अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला 14 डिसेंबर 1911 ला, स्कॉट 17 जानेवारी 1912 ला. परतताना स्कॉटच्या माणसांना वाटेतल्या साठ्यांत रॉकेल कमी मिळालं. डबे नीट बंद राहिले नव्हते, तेल उडून गेलं होतं. अमुंडसेनने मात्र डब्यांना डाख दिला होता, म्हणजे झाळून पक्के बंद केले होते. शिवाय धुक्यात साठा चुकू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी झेंड्यांची रांग लावलेली. स्कॉट परत आलाच नाही; त्याचा शेवटचा तंबू मोठ्या साठ्यापासून जेमतेम 18-20 किलोमीटरवर सापडला.

हसू नकोस, पण हे सगळं वाचूनही माझी रॉकेलची बाटली सॅकमध्ये झिरपलीच. कात्राबाईच्या खिंडीत पोह्यांची पिशवी उघडली आणि भपकाच आला! पुढे दोन दिवस गूळ-शेंगदाणे. आता मी भरलेली बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवतो. सकाळी कागदावर डाग दिसला, तर बाटली बाद.

आणखी एक. अमुंडसेन ध्रुवाच्या आधी कॅनडाच्या उत्तरेला दोन हिवाळे नेत्सिलिक लोकांजवळ, म्हणजे तिथल्या इनुइटांजवळ, राहिला. कातड्याचे कपडे, कुत्र्यांच्या गाड्या त्यांच्याकडून शिकला. तुझे नेत्सिलिक वाटेवरच्या कुमशेत आणि पाचनई गावांत आहेत. मोबाईलमधला नकाशा असू दे, पण कुठल्या टाक्यात पाणी उरलंय ते तिथल्या मामांनाच विचार.