मोर्चात नुसतं उभं राहिलं तरी दंगलीची शिक्षा होऊ शकते का?

गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा मात्र इतकी सोपी नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ नुसार दंगलीला २ वर्षांपर्यंत कैद आहे, हातात घातक शस्त्र असेल तर ५ वर्षांपर्यंत. खरी मेख आहे कलम १९० मध्ये. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकानं दगड मारला, तरी जमावातले सगळेच दोषी धरता येतात. एफआयआरमध्ये 'व इतर दोनशे-तीनशे अनोळखी इसम' असं लिहिलेलं असतं ना, त्यात मग कुणाचंही नाव घुसतं. हे मला फार घातक वाटतं.

म्हणूनच न्यायालयं पुरावा कसून तपासतात. मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराच्या बोटावर विसंबू नये, हा सावधपणा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या 'मसालती' खटल्यातल्या निकालापासून चालत आलाय. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या २००२ मधल्या दंगलीतल्या सहा जणांची निर्दोष मुक्तता केली: दंगल झाली त्याच गावचे ते होते, हातात शस्त्र सापडलं नव्हतं, आणि नुसती हजेरी पुरेशी नाही.

सरकारनं 'आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेतले' असं जाहीर केलं, तरी खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती लागतेच. तोवर तारखांना हजर राहा, नाहीतर वॉरंट निघेल.