‘वस्तुसंबंध’मधली वस्तू कोणती?

प्रश्न असा आला: “मी नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करते. नोट्समध्ये ‘वस्तुसंबंध सिद्धांत’ आहे, पण त्यात सगळं आई, बाळ आणि पुढच्या नवरा-बायकोच्या नात्याबद्दल. मग वस्तू कुठून आली? आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘बायको काय वस्तू हाये काय?’”

आईचं बरोबर आहे. चूक भाषांतराची.

इंग्रजीत याला ‘ऑब्जेक्ट रिलेशन्स’ म्हणतात: बाळपणीची जवळची नाती मनात कशी घर करतात आणि पुढची नाती कशी घडवतात, ते सांगणारा सिद्धांत. मूळ शब्द ‘ऑब्जेक्ट’, आणि तो मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा. १९०५ च्या लैंगिकतेवरच्या तीन निबंधांत त्यानं ओढीची दोन अंगं वेगळी केली. ओढ काय साधू पाहते ते उद्दिष्ट, आणि ती कुणाकडे आहे ते ऑब्जेक्ट. म्हणजे हा टेबलखुर्चीतला ऑब्जेक्ट नव्हे, व्याकरणातल्याच्या जवळचा. ‘राधा मोहनला शोधते’ यातला मोहन. शाळेत आपण त्याला कर्म म्हणतो. ‘कर्मसंबंध’ मात्र कुणी करू नका, लोक पत्रिका घेऊन दारात येतील.

तत्त्वज्ञानाच्या मराठीत यासाठी जुना शब्द आहे, विषय. डोळ्याचा विषय रूप, कानाचा विषय शब्द. पण ‘सब्जेक्ट’लाही आपण विषयच म्हणतो, आणि संतांनी विषयांना इतकं झोडपलंय की ‘विषयसंबंध’ म्हटलं की भलतंच ऐकू येतं. ‘व्यक्तिसंबंध’ही पुरत नाही. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषिकेच्या मते तान्ह्या बाळाला आधी अख्खी आई दिसतच नाही, तिचा स्तन तेवढा दिसतो. तोही ऑब्जेक्टच.

रोजच्या बोलण्यात मात्र आपण अडत नाही. टीकेचं लक्ष्य, थट्टेचा विषय, दयेचं पात्र, प्रेमपात्र. माझं मत ‘पात्र’ला. त्याचे दोन जुने अर्थ इथे फुकट कामाला येतात. एक, नाटकातलं पात्र. एडिंबरोच्या फेअरबेर्न या मनोविश्लेषकानं १९४० च्या दशकात मांडलं की माणूस मुळात सुख शोधत नाही, दुसरं माणूस शोधतो. घरात मार खाणारी मुलंही त्याच आईबापांना चिकटतात हे त्यानं पाहिलं होतं. मूल वाईटपणा स्वतःकडे घेतं, कारण आईबाप वाईट मानले तर जगायचं कुणाच्या भरवशावर? ते आईबाप मग मनात पात्रं होऊन राहतात आणि मोठेपणी ओळखीचाच प्रवेश पुन्हा लागतो. इतवारीतल्या आमच्या शेजारीण काकू म्हणायच्या, “बापापासून सुटली म्हणून लगन केलं, अन् नवरा बी तसाच अबोल भेटला.” फ्रॉइडनंही त्याच निबंधांत लिहिलंय की पात्र सापडणं म्हणजे खरं तर पुन्हा सापडणं. काकू नशिबाला बोल लावत, हे मनोविश्लेषक बालपणाला.

दुसरा अर्थ भांड्याचा. नवऱ्यानं फोन उचलला नाही आणि लहानपणीची सगळी भीती त्याच्यावर ओतली गेली, तर तो तेव्हा पात्रच असतो. त्याचा गुन्हा एका मिस्ड कॉलचा.

माणसाला निर्जीव नाम लावायचं आपल्यालाही वावडं नाही म्हणा. लग्नाच्या मुलाला आपण ‘स्थळ’ म्हणतो. “धरमपेठेतलं स्थळ आलंय” यात जागा कुणी बघायला जात नाही. (हल्ली जातात. फ्लॅट कुठे आहे ते आधी विचारतात.)

‘वस्तू’ नेमकी बसते ती एकाच ठिकाणी. विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाच्या १९५३ च्या निबंधात, आईपासून हळूहळू सुटं होताना मूल जे कवटाळतं त्याला त्यानं संक्रमणातली वस्तू म्हटलंय. मऊ चिंधी, दुलई, बाहुली. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची वाकळ, म्हणजे आपली वाकय. धुवायला नेली की पोट्टं घर डोक्यावर घेतं, ती.

परीक्षेत शीर्षक ‘वस्तुसंबंध’च लिहा, तपासणाऱ्याला तेच ओळखू येईल. त्याखाली पहिल्याच ओळीत लिहा: येथे वस्तू म्हणजे जिच्याकडे भावना वळते ती व्यक्ती, किंवा तिचा अंश. आणि आईला ‘प्रेमपात्र’ सांगून बघा, काय म्हणते ते कळवा.