मागच्या मोकळ्या जागेतल्या दोन खोल्या

प्रश्न : जळगावात महापालिका हद्दीत नव्या वस्तीत आमचा २०० चौरस मीटरचा बिनशेती प्लॉट आहे. त्यावर मंजूर नकाशाप्रमाणे तळमजल्याचं घर, मागे कंपाउंडपर्यंत दहा फूट मोकळी जागा. मुलाचं लग्न ठरलंय. मागे दोन खोल्या आणि संडास-बाथरूम काढावं म्हणतो. मिस्त्री म्हणतो, पत्र्याचं केलं तर परवानगी लागत नाही आणि एकदा घरपट्टी लागली की काम पक्कं. खरं का?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, पत्रा टाका नाहीतर स्लॅब, भिंती, मोरी, संडास आला की ते बांधकामच. परवानगी लागते. घरपट्टीचं म्हणाल, तर विनापरवाना बांधकामालाही महापालिका कर लावते. वर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ नुसार कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मीही पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या घरामागे अशीच खोली काढली होती. इंजिनिअर असून! पुढे घर विकायला काढलं. गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस टेप घेऊन आला, त्यानं नकाशा ओट्यावर पसरला, चारही कोपऱ्यांवर आमचेच चहाचे कप ठेवले आणि विचारलं, "काका, मागची खोली यात कुठंय?" मी घरपट्टीच्या पावत्यांची थप्पी पुढे केली. त्यानं वरची एक पाहिली नि बाजूला सारली. कर्ज अडलं. खोली पाडली, तेव्हा सौदा झाला.

आता तुमचं. २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियमावलीत दाट वस्तीबाहेर महापालिका क्षेत्रात रहिवासी प्लॉटला मूळ चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा (एफएसआय), १.१० आहे. म्हणजे तुम्हाला २२० चौरस मीटरपर्यंत बांधता येतं आणि एका मजल्याचं घर त्यातलं निम्मं-अर्धंच खातं. पण मागचे दहा फूट ही तुमची शिल्लक जागा नव्हे. त्यात सामासिक अंतर आहे, म्हणजे घर आणि हद्दीमधली सक्तीची मोकळी जागा, आपण ज्याला मार्जिन म्हणतो ते. ते मोकळं सोडायचंच. ते वजा केल्यावर तिथं खाट मावेल, संसार नाही.

म्हणून वर चढा. बाहेरून जिना, वर वेगळा ओटा, वेगळं मीटर. सूनबाईलाही बरं आणि तुम्हालाही. मे महिन्यात वरचा मजला तापतो हे खरं, पण पत्र्याखालच्या खोलीपेक्षा तो बराच बरा. गच्चीवर चुना मारा.

मात्र पाया आधी बघा. तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुमच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात का? घर कॉलमवर आहे की नुसत्या विटांच्या भिंतींवर? एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया उघडा करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तो नको म्हणाला तर हट्ट करू नका.

हो म्हणाला, तर परवानाधारक इंजिनिअरकडून वाढीव बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्या आणि काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम वापरायला महापालिकेची लेखी मंजुरी, घ्यायला विसरू नका. लग्नाच्या गडबडीत तेच राहतं. जुन्या नकाशाची प्रत हरवली असेल तर नगररचना विभागात अर्ज करा. जाताना बांधकाम परवानगीचा क्रमांक न्या. घरपट्टीची पावती घरीच राहू द्या.